अडीच मीटरचा बोर्ड, ओला पसारा आणि आरटीओ: एका व्हॅनचं प्रकरण

पुण्यातल्या कर्वेनगरमधलं कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी सातवीत. इथे त्यांना दादा, ताई आणि धाकटी एवढंच म्हणतो. दोघं विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर धावायचा खेळ, गोव्यात शिकले, हळूहळू बोर्ड-शिडं स्वतःची घेतली, आणि मग समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर राहून हा छंद करणाऱ्याला जो प्रश्न पडतोच तो पडला: हे सगळं न्यायचं कसं? सेडानच्या टपावर बोर्ड बांधून ताम्हिणी उतरायची गंमत एखाद-दुसऱ्या वेळी वाटते. नंतर पट्ट्यांचा फडफडाट आणि प्रत्येक ढाब्यावर 'हे काय आहे हो?' याचाच कंटाळा येतो.

माझं काम गाडीच्या आतला आराखडा काढायचा आणि भोसरीतल्या फॅब्रिकेटरकडून तो करून घ्यायचा. हे लोक आले तेव्हा ताईंच्या फोनमध्ये युरोपातल्या व्हॅनचे फोटो होते. लाकडी छत, सिंक, ओव्हन, दिव्यांची माळ. एकाही फोटोत ओलं काही नव्हतं.

म्हणून मी आधी गाडीबद्दल न बोलता त्यांचा एक दिवस विचारून घेतला. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा मुख्य हंगाम. दिवेआगर, श्रीवर्धन, कधी मुरुड-दापोली, सुट्टी लागून आली तर तारकर्ली. या दिवसांत कोकणात सकाळी वारा नसतो. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वाहायला लागतो, तीन-चारला जोर धरतो आणि सूर्य कलला की बसतो. म्हणजे हे लोक पाण्यातून बाहेर येतात संध्याकाळी साडेपाच-सहाला. शिडं गुंडाळून, मास्ट (शिडाचा खांब) सोडवून गाडीपर्यंत आणेस्तोवर अंधार. सामान खारट, वाळूने भरलेलं आणि निथळतं. आणि त्याच गाडीत दोन तासांनी तिघांना झोपायचंय. वर्षातून एकदा रामेश्वरम-मंडपमची स्वप्नं, कारण तिकडचा वारा कोकणापेक्षा भरवशाचा. पण पुण्याहून तो चौदाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, म्हणजे वाटेत गाडीतच मुक्काम.

एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. यांना चाकांवरचं घर नको होतं. यांना हवं होतं झोपता येईल असं गोदाम, आणि त्या गोदामाची ओली बाजू कोरड्या बाजूपासून पूर्ण तोडलेली.

खडूने आखलेली गाडी

पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळं सामान बाहेर काढायला लावलं. दादांचा १२० लिटर आकारमानाचा बोर्ड पिशवीसकट बरोबर अडीच मीटर. ताईंचा थोडा आखूड. धाकटीचा हवा भरायचा, म्हणून त्याची चिंता नाही. मास्ट दोन तुकड्यांत येतात: ४६० सेंटीमीटरच्या मास्टचा तुकडा २ मीटर ३०, ४३० च्या मास्टचा २ मीटर १५. गुंडाळलेली शिडं दोन मीटरच्या आत, बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, त्याहून आखूड. फिन (बोर्डाखाली लावायचं पातं), मास्टचं एक्सटेन्शन, कमरेचा हार्नेस, अंगातले लायक्रा हे सगळं दोन क्रेटमध्ये.

फरशीवर खडूने दोन-तीन गाड्यांच्या आतल्या मापांचे चौकोन काढले आणि सामान आत मांडलं. वॉचमन काका खुर्ची घेऊन बघायला बसले. धाकटीला चौकोनात झोपायला लावलं, दादांनाही. इथे फोटोंची जादू उतरली. बोर्ड आडवा ठेवला तर कुठल्याच चौकोनात मावत नव्हता; गाडी पावणेदोन मीटर रुंद, बोर्ड अडीच. उभा ठेवला तर चालायची जागा खातो. राहिला एकच मार्ग: मागच्या दारातून सरळ आत, पलंगाच्या खाली.

पलंग १ मीटर ९५ पुरतो, बोर्डाला अडीच लागतात. मग पलंगाखालचा बोगदा पलंगापाशी संपवायचा नाही, पुढच्या बाकाखालीही चालू ठेवायचा. बोगदा २ मीटर ५५ खोल, ५५ सेंटीमीटर उंच. तळाला दोन बोर्ड एकावर एक सपाट, बाजूला मास्ट आणि शिडं. पलंगावर बसल्यावर डोक्याला छत लागत नाही एवढी उंची वर उरली पाहिजे, म्हणजे आतून किमान १ मीटर ८५ ची गाडी हवी. गाडी कोणती, हे अर्धं तिथेच ठरलं.

बोर्डाचं माप प्रत्येकाचं वेगळं, हे मुद्दाम सांगतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ईबाद अलीने विंडसर्फिंगच्या ज्या आरएस:एक्स प्रकारात कांस्य जिंकलं, त्याचा बोर्ड २ मीटर ८६ लांब. तसला बोर्ड असलेल्या माणसाला हा आराखडा निरुपयोगी आहे. उलट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आलेल्या आयक्यूफॉइल या प्रकाराचा बोर्ड २ मीटर २० चा, पण जवळजवळ एक मीटर रुंद. दुसऱ्याची व्हॅन बघून आपली ठरवू नये ती यासाठी.

कागद आधी, करवत नंतर

दादांचा मूळ बेत असा होता: सेकंडहँड मालवाहू व्हॅन घ्यायची, ओळखीच्या सुताराकडून आत पलंग ठोकून घ्यायचा, झालं. हा बेत मी तिथल्या तिथे मोडला. मालवाहू गाडीत मागे माणसं नेता येत नाहीत, मग पलंग कितीही छान असो. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सरळ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. चौकातला हवालदार कदाचित सोडून देईल. अपघातानंतर विमा कंपनी सोडणार नाही.

मग रस्ता काय? वाहनांच्या वर्गवारीत मोटर कॅरव्हॅन हा स्वतंत्र वर्ग आहे आणि तिच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. या तपासण्या करणारी एआरएआय ही संस्था योगायोगाने यांच्या घराजवळच, कोथरूडच्या टेकडीवर. अर्थात एकट्या माणसाने एका गाडीसाठी तिथे खेटे घालण्यात अर्थ नसतो. ज्या बिल्डरकडे आधीच मान्यता आहे त्याच्याकडून बांधून घ्यायचं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून 'कॅरव्हॅन' म्हटल्यावर लोक निदान चमकत नाहीत.

इथे आम्ही एक विभागणी केली आणि सगळ्या प्रकरणात मला ती सर्वांत उपयोगी वाटते. जे गाडीच्या अंगाला बोल्टने धरलं जातं ते, म्हणजे सीट, सीटबेल्ट, पलंगाची चौकट आणि मधली भिंत, मान्यताप्राप्त बिल्डरच्या मंजूर नकाशाप्रमाणे. जे हाताने उचलून बाहेर काढता येतं ते आमचं: ट्रे, क्रेट, शेगडी, पाण्याचे कॅन, बॅटरीची पेटी, पडदे. दुसऱ्या यादीत हवे तेवढे प्रयोग करा, आरसी बुकाला धक्का लागत नाही.

लायसन्सची भीती ताईंना होती. ती निराधार. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी खाली.

कोणती गाडी

मारुतीची ईको पहिल्या फेरीत बाद. गाडी उत्तम आणि गल्लीबोळात चालणारी, पण एकूण लांबीच ३ मीटर ६७ च्या घरात. बोर्ड टपावर जाणार. दिवेआगरच्या वाडीतल्या रस्त्यांवर दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर सुपारीच्या झावळ्या आणि लोंबणाऱ्या वायरी. तिथे टपावर काही न ठेवणं हीच शहाणपणाची गोष्ट. शिवाय बोर्डाला ऊन सोसत नाही, त्यावर पुढे येतोच.

फोर्सची अर्बेनिया व्हॅन बघून दादांचे डोळे चमकले आणि किंमत ऐकून मिटले. खरी लढत टाटाची विंगर आणि फोर्सची ट्रॅव्हलर यांच्यात. विंगर पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागचा तळ सखल. बोर्ड आत सरकवायला फार सोपं. पण याच रचनेची दुसरी बाजू अशी की बोगद्यात सामान, वर पलंग, पाण्याचे कॅन असं सगळं ओझं मागे पडलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात. कोकणात घराच्या अंगणातून रस्त्यावर यायला एक ओला, शेवाळलेला चढ असतोच. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, भिंती जास्त सरळ आहेत, आणि १९८७ पासून रस्त्यावर असल्यामुळे माणगावपासून मदुराईपर्यंत तिचा मेकॅनिक सापडतो. स्कूलबस, रुग्णवाहिका, सहलीची गाडी, सगळीकडे तीच. रामेश्वरमला जायची इच्छा असणाऱ्याने हा मुद्दा हलका समजू नये. ३,३५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ठरली. ४,०२० ची लांब गाडी आत ऐसपैस, पण गडग्यांच्या वळणावर तिला माघारीच यावं लागलं असतं.

जुनी घ्यायची की नवी, यावर घरात बरीच चर्चा झाली. दोन जुन्या बघितल्या, दोन्ही पिवळ्या पाटीच्या. एक किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी. बाहेरून चकचकीत रंग. पायरीखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणटण आवाजाऐवजी भद् असा आवाज आणि लाल भुकटी. खाऱ्या हवेत राहिलेली गाडी पायरी, चाकांवरच्या कमानी आणि छताची पन्हळ इथे आधी सडते. शिवाय प्रवासी परवाना रद्द करणं, कराचा फरक, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, मग वर्ग बदलणं. नवी घेतली. पैसा तिथे गेला म्हणून आतला थाट कमी झाला, आणि माझ्या मते ते बरंच झालं.

सोसायटीचा प्रश्न उरला. तळघरातल्या पार्किंगच्या तुळया ट्रॅव्हलरच्या टपाला लागतात. कमिटीत दोन बैठका झाल्यावर कंपाउंडच्या कडेची एक उघडी जागा मिळाली, तीही वॉचमन काकांनी 'गाडी बघितलीय मी, खडूने' अशी साक्ष दिल्यावर.

ओलं तिकडे, कोरडं इकडे

बोगदा आणि राहायची जागा यांच्यामध्ये सलग भिंत. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा, कडा इपॉक्सीने बंद केलेल्या. साधा प्लाय दोन हंगामांत फुगतो. सगळंच १८ मिलिमीटरचं करा असा सुतारांचा आग्रह असतो. पण १२ चा प्लाय चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास, १८ चा बारा. भिंत, पलंग, बाक मिळून हा फरक एका माणसाच्या वजनाएवढा होतो. चौकट अॅल्युमिनियमच्या सेक्शनची, स्क्रू स्टेनलेस. लोखंडी स्क्रू समुद्राचं एक वर्षही काढत नाहीत.

बोगद्याच्या तळाला सरकता ट्रे, कडा दहा सेंटीमीटर उचललेल्या. माझ्या नकाशात ट्रेला उतार मागच्या दाराकडे आणि मागे एक निचरा. भोसरीच्या मिस्त्रींनी तो बघितला आणि विचारलं, "साहेब, समुद्रावर गाडी कधी सपाट उभी राहते का?" नाक खाली करून उभी केली तर सगळं खारं पाणी पुढे बाकाखाली साठणार, जिथे हात पोहोचत नाही. त्यांनी ट्रेच्या चारही कोपऱ्यांना निचरा दिला, प्रत्येकाला पारदर्शक नळी, नळ्या एका कॅनमध्ये उतरवलेल्या. पारदर्शक कशासाठी? वाळूने नळी चोंदली की दिसते म्हणून. कॅन भरला की हातात धरून रिकामा करायचा. गाडीच्या पत्र्याला खारं पाणी शिवत नाही आणि पत्र्याला भोकही पडलेलं नाही.

धुवायला साठ लिटर पाणी, वीस-वीसचे तीन कॅन. टाकी बसवायची नाही, कारण कॅन कुठल्याही विहिरीवर किंवा नळावर नेऊन भरता येतो. छोटा बारा व्होल्टचा पंप आणि हाताचा शॉवर. सगळं सामान धुवायला साठ लिटर अर्थातच पुरत नाहीत, म्हणून क्रम ठरवून दिला: आधी मास्टचा सांधा, मग बूमचा क्लॅम्प, मग युनिव्हर्सल (मास्ट आणि बोर्ड यांच्यातला वळणारा सांधा), उरलं तर अंगावर. मास्टच्या दोन तुकड्यांमध्ये वाळू आणि मीठ बसलं की ते असे घट्ट धरतात की दोन माणसं दोन बाजूंनी पिळूनही सुटत नाहीत, आणि न सुटलेला मास्ट ४ मीटर ६० चा असतो. तो घेऊन पुण्याला कसे येणार? जोडायच्या आधी सांधा पुसायचा आणि बाहेरून टेप गुंडाळायचा, ही सवय कुठल्याही महागड्या फिटिंगपेक्षा जास्त कामाची.

ओली लायक्रा आणि हार्नेस मागच्या दाराच्या आतल्या बाजूच्या दांडीवर, ट्रेच्या बरोबर वर.

उष्णता

मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत हात ठेववत नाही. बोर्ड आतून फोमचा, वर पातळ कवच. आतली हवा तापून फुगली की कवच फोमपासून सुटतं, बोर्डावर फोड येतो आणि बोर्ड संपतो. म्हणून अनेक बोर्डांना हवेचा स्क्रू असतो: गाडीत सैल, पाण्यात घट्ट. गाडीत सैल करायला सगळ्यांना आठवतं. पाण्यात उतरताना घट्ट करायला विसरलं की बोर्ड पाणी पितो. यावर ताईंनी काढलेला उपाय मला आवडला. स्क्रूची किल्ली त्या फिनच्या पिशवीतच ठेवतात. फिन लावल्याशिवाय पाण्यात जाता येत नाही, आणि पिशवीतून फिन काढताना किल्ली हातात येतेच.

छताला आणि बाजूंना नायट्राइल रबराचा फोम, काचांना चकाकणारे पडदे, मागच्या-पुढच्या खिडक्यांना मच्छरदाणीच्या चौकटी. दादांना एसी हवा होता. त्यांना कागदावर गणित करून दाखवलं: १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास, लहानात लहान एसी नऊशे वॅट ओढतो म्हटलं तरी दीड तासाच्या आत बॅटरी संपते. त्याऐवजी दोन बारा व्होल्टचे पंखे रात्रभर चालून पंचवीस-तीस अँपिअर-तास घेतात, छोटा फ्रिज तेवढेच, दिवे-मोबाइल दहा. एका दिवसाला बॅटरी पुरून उरते. चालत्या गाडीत ती डीसी-डीसी चार्जरने भरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टाका, स्वस्तात पडेल, असं तापकीर गल्लीतल्या विजेच्या बाजारात दोघांनी सुचवलं. पन्नास किलोच्या वर वजन, आत आम्ल, चार्ज होताना हायड्रोजन. डोक्याशी घेऊन झोपायची वस्तू नव्हे ती.

सोलर पॅनेल टपावर बसवलं नाही. गाडी सुरूच्या सावलीत उभी करायची असते आणि पॅनेलला ऊन लागतं. दोन्ही एकाच जागी कसं जमणार? घडीचं पॅनेल, लांब केबल, गाडी सावलीत, पॅनेल उन्हात.

स्वयंपाकघराला मी फारसा वेळ दिला नाही. एक शेगडी, एक क्रेट, आणि नियम असा की गॅस गाडीच्या बाहेरच पेटवायचा; एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि तिथेच बॅटरी आहे. सकाळचे पोहे आणि चहा झाला की बस. जिथे घरगुती खानावळीत सुरमईचं ताट मिळतं तिथे गाडीत ओव्हन कशाला? संडासाबाबत मात्र ताईंनी तडजोड केली नाही आणि त्या बरोबर होत्या. रात्री दोनला सुरूच्या बनात टॉर्च घेऊन जायची वेळ पुरुष हसून नेतात. बाकाखालचा एक कप्पा पोर्टेबल संडासाचा, भोवती पडदा.

आता काय राहिलं

गाडी एक पूर्ण हंगाम फिरून आली तेव्हा बिल्डरकडच्या सर्व्हिसिंगबरोबर मी आत शिरून बघितलं. भिंतीच्या कोरड्या बाजूला बुरशी नाही, चादरींना वास नाही. मागच्या दाराच्या बिजागरीवर गंजाचे ठिपके आले होते; तिथे दर फेरीनंतर गोडं पाणी आणि ग्रीस. खालचा पत्रा धुवायला कोकणातून आल्यावर लगेच रॅम्पवर न्या, पुढच्या रविवारी नको, एवढं परत सांगावं लागलं. पावसाळ्यात गाडी जवळपास बंदच असते. समुद्रात तेव्हा उतरायचं नाही, आणि धरणांवर वारा भरपूर असला तरी पाण्यात उतरायची परवानगी सगळीकडे नसते. खडकवासल्याला तर समोर एनडीएचाच परिसर. मग त्या महिन्यांत बॅटरी घरात आणून निम्मी भरून ठेवायची आणि बोगदा उघडा ठेवून वाळवायचा.

धाकटी बाकावर आडवी झोपते. दीड मीटरची जागा तिला पुढचं एक वर्ष पुरेल, फार तर दोन. शिवाय तिला आता विंगफॉइल शिकायचंय: हातात पंख धरायचा, आणि बोर्डाखालच्या पात्यांमुळे, म्हणजे फॉइलमुळे, बोर्ड पाण्यावर उचलला जातो. त्याचा बोर्ड दोन मीटरच्याही आत, वर हवा भरायचा पंख, मास्ट-बूमची भानगडच नाही. पण फॉइलची कड धारदार, ती दुसऱ्या बोर्डाला लागू द्यायची नाही. दादा-ताईही तिकडे वळले तर बोगद्याची शेवटची साठ सेंटीमीटर मोकळी होतील आणि बाक लांब करता येईल. बाक मात्र बिल्डरच्या मंजूर नकाशातला आहे, त्यामुळे तो हलवायचा तर आधी त्याच्याकडे जावं लागेल. तोवर फॉइलसाठी जुन्या योगा मॅटची शिवलेली पिशवी, ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात, पट्ट्याने बांधून.